भूस लांब का जातं, गार का लागते आणि पाणी वर का येतं

तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमनी विचारलं आहे: ‘जड आणि हलकी वस्तू एकाच उंचीवरून सोडली तर दोन्ही एकाच वेळी जमिनीवर येतात, असं मी गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात शिकवते. मुलं ऐकून घेत नाहीत. म्हणतात, मग शाळू उफणताना दाणे पायाशी आणि भूस लांब का पडतं? हरभऱ्याएवढ्या गारेनं फारसं काही होत नाही आणि लिंबाएवढ्या गारेनं द्राक्षबाग झोपते, ते का? एकजण पाटणजवळचा सडावाघापूरचा उलटा धबधबा बघून आलाय, तो विचारतो, तिथं गुरुत्वाकर्षण कमी आहे का? यांना काय सांगू?’

मॅडम, पुस्तकही बरोबर आहे आणि मुलंही बरोबर आहेत. पुस्तकातलं वाक्य ‘हवा नसेल तर’ या अटीवर उभं आहे, आणि ती अट आपण एका दमात म्हणून पुढं जातो. मुलं मात्र जन्मापासून हवेतच वावरलेली आहेत. त्यांनी पडणारं पान पाहिलंय, पीस पाहिलंय, पतंग पाहिलाय. त्यांना ‘तुमच्या डोळ्यांना दिसतं ते खोटं’ असं सांगितलं की ती परीक्षेपुरतं पाठ करतात आणि मनात पहिलंच धरून ठेवतात. मी साताऱ्यात बरीच वर्षं अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतोय. बारावीत गणितं पटापट सोडवणारी मुलंसुद्धा ‘जड वस्तू आधी का पडते?’ असं विचारलं की गडबडतात, त्याचं मूळ इथं आहे. माझं स्पष्ट मत असं, की पृथ्वीची ओढ आणि हवेचा रोध या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून शेजारी-शेजारी शिकवाव्यात. मग तुमच्या वर्गाचे तिन्ही प्रश्न एकाच नियमात बसतात.

आधी पृथ्वीचं बघू, ते थोडक्यात आटपतं. दोन किलोच्या दगडाला पृथ्वी एक किलोच्या दगडापेक्षा दुप्पट जोरानं ओढते. मुलांना हे मनातून ठाऊक असतं आणि ते खरं आहे. पण दोन किलोच्या दगडाला हलवायलाही दुप्पट जोर लागतो. ओढ दुप्पट आणि जडत्वही दुप्पट, म्हणून भागाकार तोच राहतो. तो भागाकार म्हणजे गुरुत्व त्वरण. आपल्या भागात ते सुमारे ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. म्हणजे सोडलेल्या वस्तूचा वेग दर सेकंदाला पावणेदहा मीटरनी वाढतो, मग ती वस्तू मोहरी असो की माळावरची शिळा. पिसाच्या मनोऱ्यावरून गॅलिलिओनं गोळे टाकल्याची गोष्ट त्याच्या शिष्यानं, विव्हियानीनं, नंतर लिहिलेली आहे आणि इतिहासकारांना तिच्याबद्दल शंका आहे. मुलांना दाखवायला त्याहून भक्कम पुरावा आहे. २ ऑगस्ट १९७१ रोजी अपोलो १५ मोहिमेतल्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर उभं राहून एका हातातून हातोडी आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकदमच सोडलं. हातोडी १.३२ किलोची, पीस ३० ग्रॅमचं. चंद्रावर हवा नाही. दोन्ही एकाच वेळी खाली टेकली. त्याची चित्रफीत सहज मिळते, वर्गात दाखवाच.

आता हवा. पृथ्वी वस्तूचं वस्तुमान बघून ओढते. हवा वस्तुमानाकडं बघतच नाही. ती बघते वस्तूचा समोरून दिसणारा आडवा छेद, तिचा आकार, स्वतःची घनता, आणि सगळ्यात जास्त म्हणजे वस्तूचा वेग. साध्या आकाराच्या, बऱ्या वेगाच्या वस्तूंसाठी हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रोध चौपट, तिप्पट झाला की नऊपट. मोटारसायकलवर मागं बसून हात बाहेर काढला की चाळीसच्या वेगाला आणि ऐंशीच्या वेगाला हाताला काय फरक जाणवतो, ते मुलांना विचारा, लगेच पटतं. म्हणूनच वस्तू नुकतीच सोडलेली असते तेव्हा हवा जवळजवळ अडवतच नाही, आणि जसजसा वेग वाढतो तसतशी हवा आडवी यायला लागते.

एक उदाहरण आकड्यांनी करून बघू. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा, टेबल टेनिसचा २.७ ग्रॅमचा. वजनात जवळजवळ साठपटीचा फरक. दोन्ही चेंडू दीड मीटरवरून, म्हणजे छातीच्या उंचीवरून सोडले तर टेबल टेनिसचा चेंडू सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्यापेक्षाही कमी मागं राहतो. डोळ्यांना ते दिसत नाही. वर्ग टाळ्या वाजवतो, पुस्तक जिंकतं. आता तेच चेंडू बारा मीटरवरून, तीन-चार मजल्यांच्या गच्चीवरून सोडा. क्रिकेटचा चेंडू सुमारे १.६ सेकंदात जमिनीला लागतो आणि त्या क्षणी टेबल टेनिसचा चेंडू अजून तीन मीटर वर, हवेत असतो. चेंडू तेच, पृथ्वी तीच. बदलली ती उंची, आणि उंचीबरोबर मिळालेला वेग. म्हणजे ‘दोन्ही बरोबर पडतात का?’ या प्रश्नाला किती उंचीवरून, हे कळल्याशिवाय उत्तरच नाही. हा हिशेब मुलांपुढं मांडला की वाद संपतो, कारण दोन्ही पक्षांनी जे पाहिलेलं असतं ते त्यात बसतं.

हवेचा रोध असा वाढत गेला तर कधीतरी तो वस्तूच्या वजनाइतका होणार. तिथून पुढं वेग वाढत नाही. या वेगाला सीमांत वेग म्हणतात, बारावीची मुलं टर्मिनल व्हेलॉसिटी म्हणतात. इथं वर्गात थोडं थांबायला लागतं, कारण हमखास कुणीतरी म्हणतं, ‘सर, दोन्ही बल सारखी झाली तर वस्तू हवेत थांबायला पाहिजे.’ हा प्रश्न चांगला आहे, त्याला झिडकारू नका. बलं सारखी झाली म्हणजे वेगात बदल होणं थांबतं, वेग थांबत नाही. वस्तू ज्या वेगानं खाली येत होती त्याच वेगानं येत राहते. न्यूटनचा पहिला नियम मुलांनी नववीत पाठ केलेला असतो, त्याचा खरा अर्थ या ठिकाणी कळतो. आणि समजा एखाद्या क्षणी ती थांबली असती, तर वेग शून्य, म्हणून रोधही शून्य, आणि वजनानं ती पुन्हा पडायला लागली असती. म्हणजे थांबणं शक्यच नाही. याच्याच जोडीचा दुसरा गैरसमज पॅराशूटचा. चित्रफितीत पॅराशूट उघडल्याबरोबर माणूस वर उडाल्यासारखा दिसतो. तो वर जात नाही. पोटावर आडवा पडणारा माणूस ताशी सुमारे २०० किलोमीटरनं खाली येत असतो, पॅराशूट उघडलं की त्याचा वेग झपाट्यानं कमी होतो, आणि चित्रण करणारा मात्र पूर्वीच्याच वेगानं खाली निघून जातो.

सीमांत वेग कशावर ठरतो हे एकदा कळलं की बाकी सगळं सोपं आहे. वजन जास्त तर सीमांत वेग जास्त. आडवा छेद जास्त तर सीमांत वेग कमी. म्हणजे बघायचं ते वजन आणि छेद यांचं गुणोत्तर, एकटं वजन बघून भागत नाही. त्या टेबल टेनिसच्या चेंडूचा सीमांत वेग सेकंदाला साधारण ९ मीटर, क्रिकेटच्या चेंडूचा ३९ मीटर. वजन साठपट असून वेग जेमतेम चौपट. वहीचा एक कागद सपाट सोडला तर हेलकावे खात येतो, त्याचाच बोळा केला तर सरळ खाली येतो. वजन एका ग्रॅमनंही बदललेलं नाही. मुलांच्या मनातलं ‘जड ते आधी’ हे वाक्य मोडायला हा बोळा पुरेसा आहे.

तुमचा पहिला प्रश्न इथं सुटतो, पण मला त्यावर जरा जास्त बोलायचंय. उफणणी हा आपल्या शेतकऱ्यानं शेकडो वर्षं केलेला फार अचूक प्रयोग आहे, आणि पुस्तकात त्याला जागा नाही याचं मला वाईट वाटतं. आता बहुतेक ठिकाणी मळणी यंत्रं आली. त्या यंत्रातला पंखाही हेच काम करतो. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी खळं पाहिलेलं असतं, मुलांना त्यांना विचारायला लावा.

वाऱ्याचा अंदाज घेऊन माणूस वावडीवर, म्हणजे उफणायच्या उंच तिवईवर, उभा राहतो, पाटी डोक्याच्या वर धरतो आणि मळलेला माल हळूहळू, एका लयीत खाली सोडतो. पाटी हलते, पण माल ढकलला जात नाही, नुसता ओघळतो. शाळूचा दाणा साधारण चार मिलिमीटरचा, वजन ग्रॅमच्या तिसाव्या हिश्श्याच्या आसपास. त्याचा सीमांत वेग सेकंदाला जवळजवळ १० मीटर निघतो. भुसाचा तुकडा रुंदीला दाण्याएवढा किंवा मोठाच, पण वजनाला नावालाच. त्याचा सीमांत वेग सेकंदाला एखादा मीटर. आता दोघे दोन मीटरवरून पडले असं धरा आणि वारा सेकंदाला तीन मीटर, म्हणजे ताशी अकरा किलोमीटर धरा. दाणा पाऊण सेकंदाच्या आत खाली येतो आणि तेवढ्या वेळात वारा त्याला फूटभर सरकवतो. भुसाचा तुकडा दोन सेकंद हवेत राहतो. तो इतका हलका असतो की सोडल्याबरोबर वाऱ्याचाच वेग घेतो. दोन सेकंद, तीन मीटरच्या वेगानं: पाच-सहा मीटर लांब. दाणा पायाशी, भूस पलीकडं.

आणि दोन्हींच्या मधे काय पडतं, हे मुलांना विचारा. मधे पडतो पोचट दाणा. आकार भरल्या दाण्याच्या जवळपास, वजन कमी, म्हणून सीमांत वेगही कमी, म्हणून तो थोडा पुढं जाऊन पडतो. दाणा जितका भरलेला तितका तो वाऱ्याच्या तोंडाकडं, उफणणाऱ्याच्या जवळ. म्हणजे वारा एकाच वेळी दाणा आणि भूस वेगळं करतो आणि दाण्यांची प्रतवारीही लावतो. वारा फार वाढला तर उफणणी थांबवायची, कारण मग चांगला दाणाही भुसात जातो. वारा पडला तरी थांबायचं, कारण मग पोचट दाणा राशीत मिसळतो. हे सगळं वजन आणि छेद यांचं गुणोत्तर आहे. गुरुत्वाकर्षण दाण्याला आणि भुसाला सारखंच त्वरण द्यायला बघतं, हवा दाण्याच्या बाबतीत किरकोळ आडवी येते आणि भुसाच्या बाबतीत जवळजवळ पूर्ण. वारा नसताना नुसत्या हवेतही भूस उशिरा पडलं असतं. वारा त्या उशिराचं अंतरात रूपांतर करतो.

दुसरा प्रश्न गारेचा. तुमच्या भागातल्या मुलांना तो विचारावासा वाटणारच, द्राक्षाच्या हंगामात आभाळ काळं झालं की घरातल्या माणसांचे चेहरे त्यांनी पाहिलेले असतात. आधी पाऊस घेऊ. ढग जमिनीपासून दोन किलोमीटरवर आहे असं धरा. हवा नसती तर तिथून निघालेला थेंब जमिनीला सेकंदाला १९८ मीटरनं, म्हणजे ताशी सातशे किलोमीटरपेक्षा जास्त वेगानं लागला असता. असा पाऊस झाला असता तर रानात पीक उभं राहिलं नसतं. प्रत्यक्षात काय होतं ते गन आणि किंझर या दोन शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये मोजून ठेवलं आहे: १ मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला ४ मीटर, २ मिलिमीटरचा साडेसहा, ५ मिलिमीटरचा ९ मीटर. रिमझिमीतला अर्ध्या मिलिमीटरचा थेंब तर दोनच मीटर. हा वेग थेंब ढगातून निघाल्यावर काही मीटरांतच गाठतो आणि उरलेला सगळा रस्ता त्याच वेगानं येतो. ढग दोन किलोमीटरवर असो की चार, जमिनीवर पोचतानाचा वेग तोच.

पावसाला अजून एक मर्यादा आहे. थेंब मोठा झाला की हवेच्या दाबानं खालून चपटा होतो, आणि पाच-सहा मिलिमीटरच्या पुढं गेला की फुटून त्याचे लहान थेंब होतात. म्हणून पाऊस कितीही जोराचा असो, त्याचा थेंब सेकंदाला नऊ-दहा मीटरच्या पुढं जात नाही.

गार फुटत नाही. ती घट्ट बर्फ आहे, ढगात जितकी वाढली तितकी मोठी खाली येते. मोठी झाली की तिचं काय होतं बघा. व्यास चौपट झाला, हरभऱ्याएवढ्या १ सेंटिमीटरवरून लिंबाएवढ्या ४ सेंटिमीटरवर, तर वजन वाढतं ६४ पट आणि छेद वाढतो फक्त १६ पट. वजन आणि छेद यांचं गुणोत्तर चौपट झालं. रोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून सीमांत वेग दुप्पट. गोल गार धरून हिशेब केला तर १ सेंटिमीटरची गार सेकंदाला १३-१४ मीटरनं येते आणि ४ सेंटिमीटरची २७ मीटरनं, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. खरी गार खडबडीत आणि वेडीवाकडी असते, ती यापेक्षा थोडी हळू येईल, पण प्रमाण हेच राहतं. आता लागणारा मार बघा. गतिज ऊर्जेत वस्तुमान एकदा आणि वेग दोनदा येतो: ६४ गुणिले ४, म्हणजे २५६. चौपट मोठी गार अडीचशे पट ऊर्जा घेऊन येते. ४ सेंटिमीटरच्या गारेचं वजन ३० ग्रॅम भरतं आणि ऊर्जा भरते सुमारे ११ ज्यूल, म्हणजे क्रिकेटचा चेंडू सात मीटरवरून डोक्यावर टाकला तर जितकी असेल तितकी. अशी एक गार घडावर पडली तर मणी फुटतातच, काडीही सोलली जाते. वर आडवा वारा असला की तोही तिच्या वेगात भर घालतो आणि मांडवाच्या पानांखालचे घड बाजूनं झोडपले जातात. बागेवरच्या जाळीचा उपयोग यातूनच समजतो. जाळीला सगळ्या गारा अडवायची गरज नसते. मोठ्या गारांचा वेग मारला तरी बरंचसं नुकसान वाचतं, कारण बहुतेक सगळी ऊर्जा मोठ्या गारांमधेच असते.

गार इतकी मोठी होईपर्यंत ढगात टिकते कशी, हाही प्रश्न मुलं विचारतील, आणि त्याच्या उत्तरातच तिसऱ्या प्रश्नाची किल्ली आहे. वळवाच्या ढगात हवेचे प्रवाह जोरानं वर चढत असतात. सीमांत वेग म्हणजे हवेच्या तुलनेत वस्तू किती वेगानं खाली सरकते तो वेग. हवा स्थिर असेल तर जमिनीच्या तुलनेतही तोच. पण हवाच वर चढत असेल तर वजाबाकी करायची. हवा सेकंदाला २० मीटरनं वर निघाली असेल आणि गारेचा सीमांत वेग १४ असेल, तर गार जमिनीच्या तुलनेत ६ मीटरनं वर जाते. पृथ्वी तिला तितक्याच जोरानं खाली ओढते आहे, आणि ती वर जाते आहे, यात काहीही विसंगत नाही. वर राहता राहता तिच्यावर बर्फाचे थर चढतात, वजन वाढतं, सीमांत वेग वाढतो, आणि तो वर चढणाऱ्या हवेपेक्षा जास्त झाला की ती खाली सुटते. म्हणून गारेचा आकार बघून ढगातला प्रवाह किती जोराचा होता याचा अंदाज करता येतो. लिंबाएवढी गार पडली म्हणजे वर कुठंतरी हवा ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वेगानं वर चढत होती.

आता सडावाघापूर. पाटण तालुक्यातलं हे पठार पावसाळ्यात वाऱ्याच्या तोंडावर असतं. पठारावरून येणारं पाणी कड्यावर पातळ धारेनं येतं. समोरच्या दरीतून येणारा वारा कड्यावर आपटतो. त्याला पुढं जायला जागा नाही, म्हणून तो कड्याला घासून वर वळतो. धार कड्यावरून सुटली की तिचे थेंब होतात, आणि थेंबांचे सीमांत वेग आपण आत्ताच पाहिले. १ मिलिमीटरच्या थेंबाला वर न्यायला हवा सेकंदाला ४ मीटरपेक्षा थोडी जास्त लागते, म्हणजे ताशी पंधरा किलोमीटर. ३ मिलिमीटरच्या थेंबाला ८ मीटर, म्हणजे ताशी तीस किलोमीटरच्या आतबाहेर. पावसाळ्यात या पठारांवर एवढा वारा सहज असतो, शेजारच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या केलेल्या नाहीत. थेंब वर उडतात, पठारावर मागं येऊन पडतात, आणि आपल्याला पाणी उलटं वाहताना दिसतं.

तिथं गुरुत्वाकर्षण कमी आहे का? हजार मीटर उंच गेलं तर गुरुत्व त्वरण ९.७८ मधून जेमतेम ०.००३ नं कमी होतं. कुठल्याही थेंबाला ते कळणार नाही. शिवाय परीक्षा सोपी आहे: वारा पडला की तोच धबधबा सरळ खाली पडतो. गुरुत्वाकर्षण वाऱ्याबरोबर कमी-जास्त होत नसतं. आणखी एक खूण म्हणजे, ओढ्याला पाणी वाढलं आणि धार जाड झाली की तिचा मोठा भाग खालीच जातो, कडेचे तुषार तेवढे वर येतात. जाड धारेचे थेंब व्हायच्या आत ती खाली निघून जाते, आणि अख्ख्या धारेला वजनाच्या मानानं छेद फार कमी. ठोसेघरला मोठी धार दरीत कोसळते आणि समोर उभं राहिलं तर अंगावर फक्त तुषार येतात, तेही यामुळंच. महाबळेश्वरच्या आर्थर सीटवरून बाटलीचं झाकण किंवा पान टाकलं की परत वर येतं, तो प्रकारही हाच. दगड परत येत नाही. तिथं उभं राहून मुलांना नुसतं एक सुकलेलं पान सोडायला सांगा. प्लास्टिकची झाकणं दरीत जाऊ देऊ नका, परत न आलेली झाकणं तिथंच राहतात.

ज्यांना हवेच्या घनतेचं महत्त्व दाखवायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट फार उपयोगी पडते. १४ ऑक्टोबर २०१२ रोजी फेलिक्स बॉमगार्टनर यांनी सुमारे ३९ किलोमीटर उंचीवरून उडी मारली. तिथं हवा इतकी विरळ की ते ताशी १,३५७ किलोमीटरपर्यंत पोचले, आवाजाच्या वेगापेक्षा जास्त. आणि मग, पॅराशूट उघडायच्या आधीच, पडता पडता त्यांचा वेग कमी होत गेला. खाली येणारी वस्तू, वरून कुणी धरलेली नाही, तरी मंदावते. कारण जसजसं खाली यावं तसतशी हवा दाट होते, सीमांत वेग कमी होतो, आणि शरीर त्या कमी झालेल्या वेगावर उतरत राहतं. ‘पडणारी वस्तू नेहमी वेग वाढवतच येते’ असं म्हणणाऱ्या मुलाला हे उदाहरण द्यावं.

हवा कधी धरायची आणि कधी सोडायची, याचा अंदाज मुलांना देऊन ठेवा. आधी हवा नाही असं धरून जमिनीवरचा वेग काढायचा. तो वेग त्या वस्तूच्या सीमांत वेगाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असेल तर हवा विसरून जायला हरकत नाही, कारण तेव्हा रोध वजनाच्या चार टक्क्यांवरच असतो. विहिरीत दगड टाकून डुबुक ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा आणि पाण्यापर्यंतची खोली काढायची, हे गणित मुठीएवढ्या दगडाला बऱ्यापैकी चालतं. सुकलेल्या पानाला ते पहिल्या इंचापासूनच चालत नाही.

वर्गात करायला एक प्रयोग सुचवतो. बेकरीच्या सामानाच्या दुकानात कपकेकच्या पातळ कागदी वाट्या मिळतात. सपाट बुडाच्या, कडा थोड्या पसरलेल्या घ्या. त्या इतक्या हलक्या असतात की हातातून सुटल्यावर वीत-दोन वितीत सीमांत वेगाच्या जवळ जातात आणि सरळ, न डोलता खाली येतात. एक वाटी घ्या, आणि चार वाट्या एकात एक बसवून त्यांचा गठ्ठा करा. गठ्ठ्याचं वजन चौपट, आकार आणि छेद तोच. मुलांना आधी विचारा, गठ्ठा किती पट वेगानं येईल? बहुतेक जण चौपट म्हणतील. मग एक वाटी दोन मीटरवरून आणि गठ्ठा चार मीटरवरून, जिन्याच्या वरच्या पायरीवरून, एकाच वेळी सोडा. दोन्ही जवळजवळ बरोबर खाली येतात. दुप्पट अंतर, तेवढाच वेळ, म्हणजे वेग दुप्पट. वजन चौपट असून वेग दुप्पटच, कारण रोध वेगाच्या वर्गानं वाढतो. बारकाईनं बघितलं तर गठ्ठा जरासा मागं राहतो, सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. त्याचं कारण मुलांनाच शोधू द्या: त्याला त्याच्या मोठ्या सीमांत वेगापर्यंत पोचायला जास्त वेळ लागतो.

पंखे बंद ठेवा, दारं-खिडक्या लावा, वाटी बुडाकडून खाली सोडा. एका मुलाला मोबाइलवर संथ गतीत चित्रण करायला सांगा, मागच्या भिंतीवर खडूनं अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या रेघा ओढल्या तर चित्रणातून वेगही काढता येतो. सुरुवातीला एक कागद आणि त्याचाच बोळा, मग चार वाट्या, आणि जमलंच तर नऊ. नऊ वाट्यांचा गठ्ठा एका वाटीबरोबर जमिनीवर यायला किती उंचीवरून सोडायला लागेल, ते सोडण्याआधी प्रत्येकाला वहीत लिहू द्या.